युनिटचा चोवीस वर्षांचा अनुभव

गुंतवणुकीला दोन गोष्टी लागतात : पैसा आणि खात्रीशीर माहिती. पैसा नसेल तर गुंतवणूक होत नाही. माहिती नसेल तर ती लवकर होते.

१९९४ साली साताऱ्यात पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क चिंतामणराव निवृत्त झाले, तेव्हा पहिली गोष्ट त्यांना एकरकमी मिळाली. या पैशांसाठी त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी गोडोलीत एक प्लॉट बघून ठेवला होता. (एकतीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर असे अविचार सुचतात.) पण प्लॉटचा भाव रोज पेपरात छापून येत नाही, हा त्याचा मोठा दोष. नेमका त्याच महिन्यात मुंबईच्या एका कंपनीचा नवा फंड निघाला. दहा रुपयांना एक युनिट. फॉर्म पानाच्या टपरीवरसुद्धा मिळत होते.

चिंतामणरावांनी नोकरीत संदर्भ क्रमांकाशिवाय कागद हलवला नव्हता. ते टपरीवरच्या फॉर्मला थोडेच भुलणार! त्यांनी रीतसर चौकशी उघडली. आधी खात्रीशीर माणसाची व्याख्या ठरवली : ज्याने स्वतः एकही युनिट घेतलेलं नाही, तो. घेतलेला माणूस हितसंबंधी. या कसोटीला जवळजवळ सगळा जिल्हा उतरत होता. माण तालुका तर मेंढरांसकट.

कंपनीचं माहितीपत्रक इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. इतक्या बारीक अक्षरांत कोणी खोटं कशाला लिहील, म्हणून ते न वाचता फायलीला लावण्यात आलं.

मग सांगलीचे हळदीचे व्यापारी धनपाल यांची साक्ष झाली. ते रोज मुंबईशी फोनवर बोलत. म्हणाले, "हळद असती तर वास घिऊन सांगितलं असतं. युनिटातलं मला काय कळतंय? आवं, उंब्रजला सुभेदार लालासाहेब हायत की. चोवीस वर्सं युनिटात काढल्यात त्यांनी."

चोवीस वर्षं! फंड निघून चोवीस दिवसही झाले नव्हते. पण आकड्याचा मान राखायचा असतो. चिंतामणरावांनी उंब्रजची एसटी धरली आणि सुभेदारांना युनिटबद्दल विचारलं.

सुभेदारांचा ऊर भरून आला. "आवं, युनिट म्हंजे आई-बाप! जेवान वेळेवर, पगार वेळेवर. अडचणीत युनिट मानसाला सोडत न्हाई."

"आणि धोका?"

"धोका तर हायच की. पर मागं फिरायचं न्हाई."

दीर्घ अनुभव, नियमित उत्पन्न आणि धोक्याची मोकळी कबुली. इतकी प्रामाणिक माहिती मुंबईतही मिळत नाही. चिंतामणराव घरी टिप्पणी लिहायला बसले, तेव्हा शकुंतलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, सुभेदार मिलिटरीत होते ना? त्यांचं युनिट आणि हे युनिट एकच का?" बाईंचा युनिटचा अनुभव शून्य वर्षांचा असल्याने हरकत फेटाळण्यात आली.

ती टिप्पणी कचेरीसमोर बसून मीच टाइप केली. घोटाळा मलाही दिसला होता. पण टंकलेखकाने मजकुरात हात घालायचा नसतो, आणि मी नियमाने चालणारा माणूस आहे.

टिप्पणीच्या दोन झेरॉक्स निघाल्या. एक धनपालांना गेली. हेडक्लार्कने लेखी दिलंय म्हटल्यावर त्यांनी पैसे भरले. दुसरी सुभेदारांना गेली. आपलंच मत टाइप झालेलं पाहून त्यांनाही ते पटलं, त्यांनीही भरले. दोघांनी भरल्याचं कळताच शेवटच्या तारखेला चिंतामणरावांनी प्लॉटचे सगळे पैसे भरले. (आता ते दोघे हितसंबंधी झाले होते, पण तोवर फाइल बंद झाली होती.)

दोन वर्षांत दहाचं युनिट चार रुपये ऐंशी पैशांवर आलं. गोडोलीच्या प्लॉटवर दुसऱ्याच कोणाचं घर उभं राहिलं. शकुंतलाबाई मंडईला लांबच्या रस्त्याने जातात. नवऱ्याला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिंतामणराव जाब विचारायला उंब्रजला गेले. सुभेदार म्हणाले, "आवं, माझं बी पैसं बुडलं की! मी माझ्या युनिटचं सांगितलं व्हतं. त्ये अजून हाय तिथंच हाय."

वाचक इथे हसतील, त्याला हरकत नाही. मात्र दहाचं युनिट चार ऐंशीला मिळतंय, मग आता घ्यायला काय हरकत आहे, असं ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांनी फंडाच्या नावासाठी पत्ता लिहून, तिकीट लावून लिफाफा पाठवावा. माहिती पूर्ण खात्रीशीर मिळेल. मी स्वतः एकही युनिट घेतलेलं नाही.