'डॅशिंग'मधून नाव कमी करण्याबाबत

माणसाचं रूप देवाच्या हातात असतं. त्याचं वर्णन मात्र मंडळाच्या हातात असतं.

नाहूरच्या आमच्या वधू-वर सूचक मंडळात हे वर्णन इंग्रजीतच होतं, आणि ते योग्यच आहे. मराठीत 'देखणा' लिहिलं की लोक खात्री करायला येतात. इंग्रजीत लिहिलं की नुसती मान डोलावतात.

मंजूर शब्द, उतरत्या क्रमाने:

मुलगे – डॅशिंग, हँडसम, स्मार्ट, प्लेझंट.
मुली – चार्मिंग, एलिगंट, ग्रेसफुल, होमली.

(यांतले बरेच शब्द खुद्द इंग्रजांनी टाकून दिलेत म्हणे. आम्ही नीट सांभाळलेत.)

नियम ४ : एका पायरीहून जास्त अंतर असलेली स्थळं एकमेकांना दाखवू नयेत.

गेल्या वर्षी एकशे बारा मुलग्यांपैकी एकशे नऊ डॅशिंग निघाले. उरलेल्या तिघांनी अर्ज स्वतः भरले होते.

सुयोगचा अर्ज त्याच्या आईने, प्रेमाकाकूंनी भरला. अबोलीने आपला स्वतः भरला. रूपाच्या रकान्यात 'बरी' लिहिलं. मंडळाने त्याचं 'ग्रेसफुल' केलं. (उदार मनाने.) फोटो चिकटवायला डिंकाची बाटली एकच होती, म्हणून दोघं शेजारी बसले आणि डिंक वाळल्यावरही तासभर उठले नाहीत.

अंतर : दोन पायऱ्या. प्रेमाकाकूंची अट : मंडळ दाखवेल तीच मुलगी बघायची.

"वर चढायला नवा फोटो लागतो," सचिव वनमालाताई म्हणाल्या. "खाली उतरायला साक्षीदार."

"मी नाही काढणार नवा फोटो," अबोली म्हणाली. "आहे ती आहे."

"मग मीच उतरतो ना यार," सुयोग म्हणाला.

नियम ९ : उमेदवार डॅशिंग नसल्याबद्दल तीन शेजाऱ्यांच्या सह्या, शिवाय आईची.

संध्याकाळपर्यंत सोसायटीतून एकेचाळीस सह्या आल्या. (एक नव्या वॉचमनची. त्याने सुयोगला पाहिलं नव्हतं, फोटोवरून केली.)

प्रेमाकाकू कागद घेऊन मंडळात आल्या. पहिली सही करणारे सीतारामकाका तिथेच पंख्याखाली बसले होते.

"काय ओ, तुमच्या केतनाक 'हँडसम' लिवलां, तेव्हा मी तोंड उघडलंय?"

"वहिनी, पोराच्या भल्यासाठीच..."

"एकेचाळीस जणांक माझ्या झिलाचा भला करूचा होता? गणपतीच्या आरतीक धा जण जमत नाय!"

सीतारामकाका पंख्याकडे बघू लागले. काकू अबोलीच्या फोटोवर बोट ठेवून सुयोगकडे वळल्या.

"हीच होई?"

"हीच हवी, आई."

त्यांनी पेन घेतलं, सही केली आणि खाली लिहिलं : 'आईस मान्य नाही. तरी सही आहे.'

सुयोग 'हँडसम' झाला. स्थळ रीतसर दाखवण्यात आलं.

या प्रतिसादाने उत्साह वाढून मंडळाने आणखी काही नावं चाचणीदाखल सह्यांसाठी फिरवली. त्यात, वाचकहो, तुमचंही नाव होतं. अर्ज तुम्ही केला नव्हता, हे खरं. पण तुमच्या मजल्यावरच पान भरलं, पुरवणी जोडावी लागली.