सुखदेव म्हणाला, इथं नाही

सुखदेवनं आणि मी सोबत केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझ्या बैलाची घंटी शोधणं. गळ्यातली पितळी घंटी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात पडली होती. सुखदेव मशीन घेऊन आला, ढिगापासून दहा पावलांवर थांबला आणि मला म्हणाला, "शालिकभाऊ, करदोटा काढा."

मी म्हणालो, "जित्या माणसाचा करदोटा काढते का बे कोणी?"

"मंग जित्या माणसानं तिकडं बाभळीखाली जाऊन बसावं. चांदी हाय त्याच्यात. मशीन तुमच्या कमरेकडं पाहूनच ओरडत राहीन."

बसलो बाभळीखाली. वावर माझं, बैल माझा, घंटी माझी आणि मीच हद्दपार. पाऊण तासानं घंटी वाजवत तो बाभळीपाशी आला. आम्ही चहा पिलो. त्यानंतर आमचं साधं असं काहीच राहिलं नाही. त्याला कारण मी.

सुखदेव तायडे हा आमच्या गावचा हरवलेलं शोधून देणारा माणूस. वरवट बकालपासून जळगाव जामोदपर्यंत कोणाची मुंदी पडली, कोणाच्या पोतीतला मणी गळाला, की सांगावा त्याला. मुंदी म्हणजे अंगठी, आमच्याकडं तसंच म्हणतात. मशीन म्हणजे एक दांडा, खाली ताटलीएवढं चाक आणि कानाला लावायचं बोंडूक. खाली धातू असला की ते कुईकुई करतं.

त्या मशीनपायी या माणसानं अंगावर लोखंडाचा कण ठेवला नव्हता. पँटला पट्टा नाही, नाडा. सदऱ्याला लाकडाची बटनं, स्वतः कोरलेली, एकसारखं एकही नाही. पुढच्या दाताला स्टीलची टोपी होती. वाकलं की मशीन कुणकुणते म्हणून जळगाव जामोदला जाऊन टोपी काढून आला. टोपीसोबत दातही आला. तेव्हापासून तिथून हवा जायची आणि स्वतःचं नाव सांगताना समोरच्याच्या तोंडावर फुंकर बसायची.

मशीन त्याची नव्हती. गावातल्या चौघांनी गुप्तधन काढायला ती आणली होती. भगत आणला, लिंबू कापले, महिनाभर जुनी गढी खोदली. निघाला एक नांगराचा फाळ, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस. मशीन बिघडली म्हणून त्यांनी सुखदेवकडं टाकली. तो नांदुऱ्याला जिनिंगमध्ये वायरमन होता, नुकताच रिटायर झालेला. त्यानं नीट केली, पण परत मागायला कोणी आलंच नाही. भगताचं नाव काढलं की सुखदेव म्हणायचा, "गुप्तधन काही नसते. बाईच्या बोटातून पडलं ते धन. बाकी सारा फाळ."

पैसे घेत नव्हता. आधी चहा, मग एक सवाल. "कोणी देली होती?" वस्तू कोणी दिली हे सांगितल्याशिवाय तो मशीन चालू करत नसे. वरवटला एका लग्नात नवरदेवाची मुंदी मांडवात पडली. सुखदेवनं विचारलं, कोणी देली? पोरगा म्हणाला, आमचीच हाय. मागं सासरा उभा होता, तो खोकलला. सुखदेव खाली बसला आणि म्हणाला, "आणखी एक चहा आणा." दोन चहा झाले. शेवटी नवरदेव पुटपुटला, "सासऱ्यानं देली." मग दहा मिनिटांत मुंदी अक्षतांच्या पाटाखालून निघाली.

मी एकदा म्हणालो, "काय कराचं बे तुले, कोणी का देईना?"

"भाऊ, देणाऱ्याचं नाव घेतलं का माणूस जाग्यावर येते. मंग त्याले बराबर आठवते, कुठं हात धुतला, कुठं बसला. अर्धी वस्तू तं तिथंच सापडते. मशीन बाकीची अर्धी."

आणि शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य, "मशीनच्या तोंडात खोटं नाही."

मी सत्तरीला आलो तरी त्याला तू म्हणायचो आणि तो मला तुमी. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. हे मला लिहिताना सुचलं, बोलताना कधी सुचलं नाही.

घंटी सापडली त्याच्या पुढच्या आठवड्यात माझ्या बायकोची मुंदी हरवली. शेवंता तिचं नाव. कापसाचा दुसरा वेचा चालू होता. कडाक्याची थंडी होती आणि थंडीत बोटं आकसतात. संध्याकाळी कापूस मोजताना तिच्या ध्यानात आलं की बोट मोकळं आहे. मी ती मुंदी लग्नानंतर तेरा वर्षांनी केली होती, वर एक फूल होतं. तिच्याजवळ दुसरं सोनं नव्हतं.

सुखदेव आला. चहा घेतला. शेवंताला विचारलं, "वयनी, कोणी देली होती?"

मी म्हणालो, "मी. दुसरं कोण देईन?"

"शेवटची कवा पाह्यली?"

मी म्हणालो, "वावरात. सकाळी होती ना बोटात."

शेवंता म्हणाली, "सकाळी मी शेण..."

मी म्हणालो, "तू चूप बस. त्याले काम करू दे."

ती चूप बसली. आमच्या घरात माझ्या एका शब्दावर माणसं चूप बसायची. मला त्याचा अभिमान होता.

सुखदेवनं तीन दिवस वावर पाहिलं, एकेक तास, म्हणजे ओळ न् ओळ. बैलबंडीची वाट तपासली. घरात भरलेला कापूस ओंजळ ओंजळ करून मशीनवरून काढला, केसात-कानात कापूस, म्हातारं सशासारखं दिसत होतं. चौथ्या दिवशी त्यानं बोंडूक कानातून काढलं आणि सांगितलं, "इथं नाही. असती तं बोलली असती."

आता मशीनच्या तोंडात खोटं नाही. वावरात नाही, वाटेवर नाही, कापसात नाही, तर मुंदी गेली कुठं? वेचायला सात बाया होत्या. सहा आमच्या गल्लीतल्या. एक, कमलाबाई, सुखदेवच्या मोहल्ल्यातली. मी कोणाचं नाव घेतलं ते तुम्ही ओळखलं असेल. मला ओळखायला एवढाही वेळ लागला नव्हता.

चौकात म्हणालो, साऱ्यांसमोर. सकाळी बाया वावरात जायला जमतात तिथं. कमलाबाईनं हातातला डबा खाली ठेवला, पदर झटकला, कापूस वेचायचा कमरेचा ओटा सोडून झटकला, बांगड्या वर सारून दोन्ही हात दाखवले. डबा उचलून घरी गेली. त्या दिवसापासून तिला आमच्या गल्लीत कोणी कामाला बोलावलं नाही.

त्याच संध्याकाळी सुखदेव आला. अंगणातच उभा राहिला. "शालिकभाऊ, मी म्हटलं इथं नाही. तिनं घेतली असं नाही म्हटलं."

मी म्हणालो, "तू आपल्या माणसाची बाजू घेशीनच."

तो वळला आणि निघून गेला. चहा चुलीवर होता.

त्या उन्हाळ्यात शेवंता गेली. दुपारी पाण्याची गुंडी उतरवली आणि तिथंच बसली. डॉक्टरपर्यंत पोचलोच नाही. पावसाळ्यासाठी तिनं हिवाळाभर गोवऱ्या थापून रास लावली होती, वरून शेणानं लिपून ठेवली होती. माझ्या धाकट्या भावानं ती फोडली आणि साऱ्या गोवऱ्या नदीवर नेल्या. तिच्या हातच्याच गोवऱ्यांवर ती गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडून नदीत सोडली. एवढं लिहितो, जास्त लिहिता येत नाही.

नंतर वर्षभर मला सुखदेव भलभलत्या ठिकाणी दिसायचा. पहाटे माझ्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. माझ्या उकिरड्यात, गुडघ्यापर्यंत, चुलीची राख चाळणीनं चाळताना. लोक हसायचे. म्हणायचे, म्हाताऱ्याला आता गुप्तधनाचं याड लागलं. एकदा मी वावरातून हाकललं त्याला. "काय शोधून राह्यला बे माझ्या वावरात? गुप्तधन?"

"हाव," म्हणाला, "गुप्तधन." आणि मशीन खांद्यावर टाकून गेला.

यंदा पेरणीच्या आधी एका दुपारी भाऊ धावत आला. "दादा, तो सुखदेव मसनात मशीन फिरवून राह्यला. आपल्या वयनीच्या जाग्यावर. मेलेल्यायचं सोनं काढते तो."

मी काठी घेतली. सत्तर वर्षांचा माणूस भर उन्हात नदीपर्यंत पळत गेलो. सुखदेव गुडघ्यावर बसून माती उकरत होता. मी मागून त्याची कॉलर धरली. एक लाकडी बटन तुटून उडालं.

"लाज नाही वाटत तुले?"

तो उठला नाही. मूठ वर केली आणि उघडली. तळहातावर मुंदी होती. काळी, एका अंगानं वितळून चपटी झालेली. पण फूल होतं.

मी काठी टाकली. हे सोनं इथं कसं, ते मला समजेना. शेवंता गेली तेव्हा बोट मोकळं होतं, मीच तिला तुळशीचं पाणी पाजलं होतं.

सुखदेव म्हणाला, "बसा भाऊ. अंदाजा होता, खात्री नव्हती म्हणून सांगतलं नाही. मागच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एक पोरगी शेण थापून राह्यली होती. हात शेणात, आन् छल्ल्यासारखं काहीतरी निसटलं तिच्या बोटातून. तिले पत्ताच नाही. गोवरी थापली, भिंतीले मारली. मी उभ्या जागी गार. म्हटलं, वयनी तवा काय सांगत होत्या? सकाळी मी शेण... तुमी चूप बसवलं. आन् मी बी फिरून इचारलं नाही. साऱ्या जिंदगीत एकाच बाईले इचारलं नाही."

"चुलीची राख..."

"ते आधीपासून चाळत होतो. चुलीत गेली असन म्हणून. मंग ध्यानात आलं, ती रास तं चुलीत गेलीच नाही."

आम्ही दोघं तिथंच मातीत बसलो होतो. त्याचा सदरा उघडा होता, मी तोडलेल्या बटनापाशी. दीड वर्ष हा माणूस माझी मुंदी शोधत होता आणि मी त्याच्यावर कुत्र्यासारखा भुंकत होतो. मी विचारलं, "काऊन पण? मी तं तुयाशी बोलतबी नव्हतो."

"तुमच्यासाठी नाही भाऊ. मायाच तोंडून निघालं ना, इथं नाही. त्या एका शब्दावर त्या बाईचं काम गेलं. घरी गेलो का मायी भाकर गोड लागे ना. घरात मी एकटा, दुसरं बोलाले कोणी नाही, मंग तोच शब्द ऐकू ये."

मग त्यानं मुंदी माझ्या हातात ठेवली आणि खाली पाहत म्हणाला, "गावात काय सांगाचं ते तुमी ठरवा. कोनाड्यात सापडली म्हणा, लिंपण पडलं तवा. मी बी तसंच सांगीन. चोरी नव्हती एवढं लोकायले कळलं म्हंजे झालं. तुमची मान खाली जाची गरज नाही."

ज्याच्या मशीनच्या तोंडात खोटं नाही, त्यानं माझ्यासाठी खोटं बोलायची तयारी केली होती. आणि खरं सांगतो, मला ते पटलं. घरी येईपर्यंत मी कोनाडा कोणता तेही ठरवलं होतं. देव्हाऱ्याजवळचा. मुंदी उंबऱ्यावर ठेवून बसलो. समोर शेवंताची थापायची जागा, भिंतीवर अजून तिच्या पंज्याचे गोल उमटलेले. ती जिवंत असताना तिचं अर्धं वाक्य मी तोडलं. आता उरलेल्या अर्ध्याच्या जागी मी कोनाडा सांगणार होतो.

सकाळी चौकात गेलो. बाया धसकटं वेचायला निघायच्या होत्या, ऑटो उभा होता. कमलाबाई आता शेजारच्या गावात कामाला जाते, ती मागच्या फळीवर बसली होती. मी म्हणालो, "मुंदी सापडली. माया घरच्या गोवरीत होती. कमलाबाईनं घेतली नव्हती. मी तिच्यावर आळ घेतला. ती मले सांगत होती, शेवंता, मी ऐकलं नाही."

मी मुंदी कमलाबाईपुढं धरली. तिनं हात लावला नाही.

"मले काऊन दाखवता? मले तं माहीत होतं," ती म्हणाली. "वयनी दुसऱ्याच दिवशी येऊन गेल्या मायाकडं. पाय धरत होत्या, मी धरू देले नाही. ज्यायले माहीत नाही त्यायले दाखवा."

ऑटो गेला. मी पहिल्या घराकडं वळलो तर सुखदेव मागं उभा. मशीन नव्हती, बटनाच्या जागी सुतळी बांधली होती. तो सोबत चालू लागला. दारोदार गेलो. मी तळहातावर मुंदी धरायचो आणि सांगायचो. माझं झालं की तो म्हणायचा, "आन् मी चुकीच्या जागी पाह्यलं होतं." बस, एवढंच. काही घरांनी चहा विचारला, काहींनी दार लोटलं, एक म्हातारी रडली.

शेवटी भावाचं घर. त्यानं सगळं ऐकलं, मुंदी उलटीपालटी करून पाहिली, सुखदेवकडं न पाहता मला म्हणाला, "जाऊ दे दादा. मुंदी नसन घेतली, दुसरं काही घेतलंच असन तिनं."

मागच्या वर्षी मी हेच म्हणालो असतो. मी त्याच्या ओट्यावर बसलो, सुखदेवला हात धरून शेजारी बसवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.