बरणीतले शंकरराव

आमच्या शेजारचा रणजित मेथीची जुडी पिशवीत टाकण्याआधी तिची उलटतपासणी घेतो. जुडी उलटी धरून मुळं बघतो, एक पान चुरगळून वास घेतो आणि मग भाजीवाल्या मावशींना विचारतो, "ओरिजिनल हाय का?" शाहूपुरीत त्याचं गाड्यांच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. दिवसभर ओरिजिनल-डुप्लिकेट करून करून त्याला आता भाजीतही डुप्लिकेट दिसायला लागलं आहे.

"मेथी डुप्लिकेट असती व्हय रं?" मावशी विचारतात.

"खत काय घातलंय?"

"शेणखत."

"कुणाच्या म्हशीचं?"

इथे मावशी जुडी हिसकावून घेतात. रणजित मात्र जागचा हलत नाही. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि फोन नंबर घेऊन तो तिथेच फोन लावतो. मागे पाच-सहा बायका खोळंबतात, एकमेकींकडे बघतात. त्यांत मीही असते, कारण बाजाराला मी त्याच्याच स्कूटरवर बसून आलेली असते.

हाच रणजित चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला नावाजलेला रस्सेवाला होता. रविवारी त्याच्या परसात चूल पेटली, की तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से व्हायचे आणि आमच्याकडे डबा यायचा. एरवी झाडांकडे ढुंकून न बघणारे आमचे हे रविवारी सकाळपासून मधल्या भिंतीपाशी कुंड्यांना पाणी घालत उभे राहायचे. मग रणजितचं लग्न झालं, पल्लवी आली आणि वर्षाच्या आत चूल थंडावली. आधी मटण गेलं, मग मासे, मग अंडी. पुढे दूध, दही, तूपही गेलं. चहात शेंगदाण्याचं दूध आलं. ते मी एकदा प्यायले. तेव्हापासून त्यांच्याकडे जायचं झालं तर मी घरून चहा पिऊन जाते.

"अरे, दुधानं काय घोडं मारलंय?" मी विचारलं होतं.

"म्हस काय खाती कुणाला ठाव, काकू? पेंडीत काय मिसळत्यात कुणी बघितलंय? सोडायचं तर समदं सोडायचं. अर्धं आपल्याला जमत न्हाय."

हे त्याचं पालुपद. दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतं.

एकदा दुकानात कुणीतरी त्याला सांगितलं, की काही खतांत हाडांचा चुरा घालतात. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातली सगळी भाजी भिंतीवरून आमच्याकडे आली. "काकू, ह्या वांग्याच्या मुळाशी हाडं असणार. म्हंजे ही वशाटच की. तुमास्नी चालतंय न्हवं?" आमच्याकडे मटणाचं वशाट चालतं, तिथे वांग्याचं काय घेऊन बसलात! भरली वांगी झकास झाली होती.

पल्लवी पॉलिटेक्निकात शिकवते. बोलायला शांत, पण या वेडात नवऱ्याच्या एक पाऊल पुढे. ज्या शेतकऱ्याकडून धान्य आणलं, त्याचं नाव ती चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवते. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर अशी सारी मंडळी ओळीने बसलेली आहेत. तुरीच्या बरणीवर "शंकरराव, नेसरी", नाचणीवर "सुशीलाबाई, पन्हाळा". हे मला माहीत नव्हतं, तेव्हा एकदा भिंतीपलीकडून पल्लवीचा आवाज आला, "अहो, शंकरराव तासभर शिजाय लागल्यात, अजून कडकच हाईत!" मी हातातलं लाटणं घेऊन तशीच धावले. कुकरमध्ये डाळ होती.

मी या दोघांची भरपूर टिंगल केली. गल्लीत केली, भिशीत केली, माहेरी फोनवर केली. नवीन पोरांचं फॅड, चार दिवसांत उतरेल, असं माझं ठाम मत होतं. चार दिवसांची तीन वर्षं झाली, तरी मी मत बदललं नाही. आता त्याची लाज वाटते.

कारण एक गोष्ट मला पहिल्यापासून माहीत होती आणि तिची या बरण्यांशी सांगड मला घालता आली नाही. पल्लवीचं माहेर गडहिंग्लजच्या पुढचं, सीमेकडचं. लिंगायत घर, पिढ्यान्‌पिढ्या वशाट न शिजलेलं. या दोघांनी लग्न ठरवलं, तेव्हा तिचे अप्पा एवढंच म्हणाले होते, "लग्न करा. पर मटण शिजतंय त्या घरात मी पाणी पिणार न्हाय." भांडण नाही, आरडाओरडा नाही. लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि उपाशी परत गेले.

पण मुलीवर जीव. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटेच्या एसटीने यायचे, हातात घरच्या म्हशीच्या दुधाची किटली. फाटकाबाहेर उभं राहून लेकीशी बोलायचे, किटली द्यायचे, मागची रिकामी घ्यायचे आणि त्याच पावली परत. रणजितला हाक मारायचे "पावणं". जावयाला म्हणतात तसं नव्हे, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला म्हणतात तसं. रणजित मान खाली घालून उभा असायचा. भाजीबाजारात शेतकऱ्यांचा छळ मांडणारा हा गडी सासऱ्यासमोर तोंडातून अवाक्षर काढायचा नाही.

आणि ते दूध? अप्पा कोपऱ्यावरून वळले, की किटली भिंतीवरून माझ्याकडे यायची. त्यांच्याकडे दूध बंद होतं ना! दाट, पिवळसर साय येणारं दूध. मी खरवडून खरवडून त्याचं तूप कढवलं आहे.

गेल्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. पल्लवीला कॉलेजात परीक्षेचं काम निघालं. फाटकापाशी रणजित एकटा. मी माझ्या सवयीने पातेलं घेऊन भिंतीशी तयार. अप्पांनी किटली पुढे केली. "पल्लू न्हाय व्हय? बरं. हे घ्या, पावणं." रणजितने किटली घेतली, झाकण उघडलं, वास घेतला आणि रोजची सवय तोंडातून निसटली.

"म्हशीला काय घालतासा?"

अप्पांचा चेहरा उतरला. "का? दुधाला काय झालंय?" असं म्हणताना त्यांची नजर वळली आणि भिंतीवरच्या माझ्या पातेल्यावर येऊन थांबली. पातेलं लपवायला जागा नव्हती. "ह्या कशाला उभ्या हाईत?"

मला खोटं बोलता येतं, पण त्या वेळी आलं नाही. "दूध मला देतात," मी म्हटलं. "ते दोघं दूध पीत नाहीत."

"माझं दूध शेजारी देतासा?" अप्पांचा आवाज बारीक झाला. त्यांनी रिकामी किटलीही घेतली नाही. ते वळले आणि चालायला लागले. आता हा माणूस पुन्हा येणार नाही, हे मला कळलं. रणजितला तर कळलंच.

"मामा!" तो ओरडला. सगळी गल्ली दारात आली. "मामा, तुमी म्हणलतासा, मटणाच्या घरात पाणी पिणार न्हाय. म्हणून मी मटण सोडलं. चूल मोडली, भांडी बदलली. म्हणलं, पक्कं झालं की बोलवू, तवर पल्लवीलाबी सांगू दिलं न्हाय. मग कळलं, खतात हाडं असत्यात. म्हणलं, तुमच्या ताटात तेबी नको. मग वाटलं, म्हस काय खाती ठाव न्हाय, म्हणून दूध सोडलं. समद्या कोल्हापुराला इचारलं, तुमास्नी इचारायचं तेवढं धाडस न्हवतं!"

अप्पा पाठमोरे उभे राहिले. मग परत आले आणि फाटकाच्या आत, पायरीवर बसले.

"गौरी म्हणत्यात तिला," ते म्हणाले. "कडबा घरचा. मका घरची. शेंगदाण्याची पेंड घाण्यावरनं मी स्वता आणतो. पुड्यातलं कायबी न्हाय." मग गौरीचं दुसरं वेत, तिची आई, तिच्या आईचा स्वभाव, असं सगळं सांगत अर्धा तास गेला. रणजित एकेक प्रश्न विचारत होता आणि अप्पा खुलत होते. त्या म्हशीबद्दल त्यांना इतकं कुणी कधी विचारलंच नसावं.

मग ते आत गेले. मीही गेले, मला कोण अडवणार! फळीवरच्या बरण्या त्यांनी चष्मा लावून एकेक वाचल्या. "ह्यो शंकऱ्या? शाळंत माझ्या बाकावर हुता. तूर चांगली करतोय, बोलतोय फार."

रणजित मोरीत तांब्या घासत होता. एकदा, दोनदा, तीनदा.

"आण की आता. झिजल त्यो," अप्पा म्हणाले. रणजितने दोन्ही हातांनी तांब्या पुढे केला. अप्पांनी विचारलं, "पाणी कुठलं?"

रणजितचा चेहरा पांढरा पडला. "नळाचं. त्याची चौकशी न्हाय केली."

"असू दे, रणजित," अप्पा म्हणाले आणि तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला. मग शंकररावांची आमटी आणि सुशीलाबाईंची भाकरी खाऊन ते दुपारच्या गाडीने गेले. दुपारी पल्लवी आली. मोरीतलं अप्पांचं खरकटं ताट बघून ती तिथेच खाली बसली आणि रडली. मीही रडले.

या महिन्यात मी पातेलं घेऊन उभी राहिले, पण किटली आलीच नाही. अप्पा आत जेवत होते. संध्याकाळी मी शेजारी गेले, त्यांचा फ्रीज उघडला. आत दुधाची काचेची बाटली. तिच्यावर चिठ्ठी, या वेळी रणजितच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, "अप्पा. म्हैस गौरी."

"काय रे," मी म्हटलं, "बाकीचं सगळं बंद आणि हे तेवढं चालू? अर्धं जमत नाही ना तुला?"

रणजितने बाटली सरळ केली, चिठ्ठी अंगठ्याने नीट दाबली.

"एवढं अर्धं चालतंय की, काकू."