याचं टेक्निकल काय?

किसनतात्यांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते ती आधी पालथी करतात. बिस्किटाचा पुडा असो, खोकल्याचं औषध असो, नाहीतर लग्नात आहेर म्हणून मिळालेला स्टीलचा डबा असो. पुढची बाजू ते बघतच नाहीत. पुढच्या बाजूला कंपनी बोलते आणि मागच्या बाजूला माल बोलतो, असं त्यांचं मत आहे. पालथी वस्तू हातभर लांब धरायची, मग खिशातून भिंग काढायचं आणि समोरच्याला विचारायचं, "याचं टेक्निकल काय?"

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या राजुरीत द्राक्षांवर, टोमॅटोवर फवारायला जी औषधं येतात त्यांची नावं मोठी झोकदार असतात. जाणता शेतकरी त्या नावांना भुलत नाही. बाटलीत खरं काम करणारं रसायन कोणतं आणि ते किती टक्के, एवढंच तो विचारतो. त्या रसायनाला आमच्याकडे टेक्निकल म्हणतात. तात्यांची हयात द्राक्षबागेत गेली, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या तोंडी बसला यात नवल नाही. नवल हे, की तो प्रश्न घेऊन ते माझ्या दुकानात शिरले.

माझं दुकान बांगड्या, टिकल्या, पिना आणि क्रीम-पावडरींचं. पुरुषमाणूस तिथे येतो तो बायकोने पाठवलं म्हणून, आणि तोही पायरीवरूनच बोट दाखवून मोकळा होतो. तात्या मात्र थंडीच्या सुरुवातीला थेट आत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सुनंदा, हाताला लावायचं जेवढं म्हनून हाय तेवढं काढ."

मी काढलं. तात्यांनी सगळ्या बाटल्या, सगळ्या ट्यूबा काउंटरवर ओळीने पालथ्या घातल्या. द्राक्षाच्या पानावरची कीड बघायचं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुकानात चार बायका खोळंबलेल्या.

"तात्या, ॲक्वा म्हणजे पाणी," मी म्हटलं.

"पानी? पयल्या नंबरला?" त्यांनी दुसरी ट्यूब उचलली. पाणी. तिसरी उचलली. पाणी. डेअरीवर पातळ दूध आणणाऱ्याकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. जणू मीच रात्रीतून नळाखाली बाटल्या धरल्या होत्या.

माल देणाऱ्या पोराने मला कधीतरी सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं. जे सगळ्यात जास्त ते आधी लिहितात, मग उतरत्या क्रमाने बाकीचं. झालं. त्या दिवसापासून तात्यांना माझ्या दुकानाची गोडी लागली. शेपटाकडून वाचायची त्यांना फार हौस. "हे बघ. डब्यावर केवढा बदामाचा फोटो! आन आत बदाम कुठं, तर वासाच्या बी मागं. निवडनुकीच्या बॅनरवानी झालं हे. फोटो एकाचा, राबनारा दुसराच."

मग राबणारा कोण, याचा शोध सुरू झाला. ग्लिसरीन सापडलं. ते ओलावा ओढून धरतं म्हटल्यावर तात्या म्हणाले, "म्हंजी हे ड्रिप." पेट्रोलियम जेली सापडली. ती वर थर धरते आणि आतला ओलावा उडू देत नाही. "हे मल्चिंग पेपर!" असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. "एकानं पानी द्यायचं, दुसऱ्यानं अडवायचं. बाकी गुलाब न् केशर सगळी वरात." एखादी कॉलेजची मुलगी वास घेऊन बाटली निवडायला लागली की तात्या स्टुलावरून कळवळून म्हणायचे, "पोरी, वासाला भुलू नको. वास काय कातडीत मुरत नसतो. उलट उलल्या हाताला झोंबतो." ती बाटली ठेवून निघून जायची. माझ्या धंद्याचं तात्यांना सोयरसुतक नव्हतं.

वाचून समाधान होईना तेव्हा त्यांनी प्रयोग काढले. स्वतःच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनने चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात वेगळं क्रीम. एक चौकोन रिकामा. "तो कोरा प्लॉट," तात्या म्हणाले. "त्याला काय बी लावायचं नाय. एक वाफा कोरा ठेवला न्हाई, तर औषधानं फरक पडला का थंडीच कमी झाली, हे कसं कळनार?" बाही वर करून ते डेअरीवर दूध घालायला गेले की माणसं विचारायची, "तात्या, हातावर सातबारा काढला का राव?" तात्या शांतपणे हात पुढे करून प्लॉट दाखवायचे.

एकदा पायाच्या भेगांच्या मलमावर त्यांना युरिया हा शब्द सापडला. आनंदाने ते स्टुलावरून उठलेच. "सुनंदा, आगं आपल्या घरात पोतं पडलंय याचं!" मी हात जोडले, तात्या, ते प्रमाणात असतं, शुद्ध केलेलं असतं. पण हरखलेला माणूस ऐकतो कुठे? दुसऱ्या दिवशी ते डावी टाच न टेकता, लंगडत आले. खताचा युरिया पाण्यात कालवून त्यांनी भेगेत भरला होता. "आग झाली," एवढंच म्हणाले आणि जरा वेळाने पुस्ती जोडली, "डोस चुकला. बरं झालं, आधी सोतावर मारला."

त्या 'आधी'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. म्हातारपणी रिकामा वेळ झाला की माणसाला काहीतरी नाद लागतो, तसा यांना क्रीमचा लागला, असं मी धरून चालले होते.

मग एके दिवशी मालनकाकू दुकानात आल्या. काकू म्हणजे तात्यांची बायको. आमच्या आळीत जन्मलेल्या बहुतेक पोरांना काकूंनी पायांवर घेऊन तेल लावलंय, न्हाऊ घातलंय. माझ्या दोन्ही मुलींनाही त्यांनीच. रडकं पोर त्यांच्या हाताखाली गेलं की निवांत झोपायचं. त्यांची रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, म्हणून त्या झबली बघायला आल्या होत्या. मी एक मऊ, तलम झबलं पुढे केलं. काकूंनी त्यावरून हात फिरवला आणि कापडाचे धागे त्यांच्या बोटांना अडकून ओढले गेले. तेव्हा मी त्यांचे हात नीट बघितले. तळव्यांवर भेगाच भेगा, अंगठ्यापाशी तर रक्त सुकलेलं.

काकूंनी हात पदराखाली घेतला. खालच्या आवाजात म्हणाल्या, "तेल लावाया एखांदी बाई बघून ठेव गं. माझ्या हातानं लेकराला वरखडं उठत्याल."

गावाची पोरं न्हाऊ घातलेली बाई स्वतःच्या नातवंडासाठी दुसरी बाई शोधत होती. तात्या स्टुलावर बसलेले होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांच्या हातातली ट्यूब त्या दिवशी सुलटी होती, आणि तिच्या पुढच्या बाजूवरच्या फुलांकडे ते बराच वेळ बघत बसले होते.

त्यानंतर गंमत संपली. तात्यांनी चांगलं ग्लिसरीन आणि जेलीचं, बिनवासाचं एक क्रीम निवडलं आणि रोज सकाळी स्वतः काकूंच्या हातावर काढून द्यायला लागले. थोड्या दिवसांनी आले ते चिडूनच. "रिझल्ट न्हाई." दुसरं नेलं. तेही तसंच. "माझ्या प्लॉटवर चालतं, तिच्या हाताव न्हाई. असं कसं?" मग कंपनीच डुप्लिकेट, मग दुकानदारच लबाड. ते आळेफाट्याला जाऊन आले, नारायणगावला जाऊन आले. निरगुडसरला बहिणीकडे गेले तर तिथल्या दुकानातही पालथं घालून वाचून आले. रोहिणीचे दिवस भरत चालले होते, काकूंच्या भेगा तशाच होत्या. आणि मग तात्या यायचेच थांबले. रिकामं स्टूल बघून मला करमेना. ज्या माणसाने माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवली त्याची मी वाट बघत होते.

त्यांनी सांगून ठेवलेली एक ट्यूब आली तशी मी दुपारची त्यांच्या घरी गेले. पुढचं दार लावलेलं. आमच्याकडे दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही, म्हणून काळजीने मागच्या अंगाला गेले.

मोरीवर तात्या उकिडवे बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, समोर भांड्यांचा ढीग, दुधाच्या किटल्या, आणि हातात घासणी. पायरीवर मालनकाकू बसल्या होत्या. मेंदी लावलेल्या नवरीसारखे दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवलेले, क्रीमने चकचकणारे. चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा.

"पुढलं दार लावलं व्हतं ना!" तात्या म्हणाले.

"मागचं उघडं होतं," मी म्हटलं.

तात्यांनी घासणी खाली ठेवली. "सुनंदा, फवारा मारला आन पाठोपाठ पाऊस आला, तर काय व्हतं?"

"औषध धुऊन जातं."

"शेंबडं पोर बी सांगल." त्यांनी ओले हात पायजम्याला पुसले. "रिझल्ट का न्हाई म्हनून परवा दिसभर चुलीपाशी बसून ऱ्हायलो. जेवाया सोडून कधी बसलो नव्हतो तिथं. मी हाताव क्रीम दिलं, हिनं चोळलं, लगेच पीठ मळाया बसली. मंग भांडी. मंग धुनं. मंग गाईची कास धुवाया. घटकाभर हात कोरडा न्हाई. औषध बरोबर व्हतं गं. पाऊस माझ्याच घरात पडत व्हता, आन जल्मभर मला दिसला नाय."

काकू घाईघाईने म्हणाल्या, "बाहेर बोलू नगं बाई. हसत्याल लोक त्यांना. आन भांडी तरी कशी घासत्यात बघ, निम्मी पावडर तशीच. मी उठाया गेले तर वरडत्यात."

"दोन घंटं पाऊस नाय म्हंजी नाय," तात्या म्हणाले आणि किटली पालथी केली.

घरी येताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं काकूंसाठी, थोडं तात्यांसाठी, आणि आमच्या घरी मोरीवर पडलेल्या भांड्यांच्या आठवणीने तर जरा जास्तच.

मी कुणाला बोलले नाही. आता सांगते आहे कारण गावाला कळून चुकलंय. रोहिणीला मुलगी झाली, आणि बाळाची दुपटी-लंगोट दारातल्या दोरीवर कोण वाळत घालतं ते काही लपत नाही. हसायचे ते हसून घेतात. तात्या त्यांना साबणाचं टेक्निकल सांगतात.

परवा सकाळी बाळ बघायला गेले होते. काकू पाय पसरून पाटावर बसल्या होत्या, पायांवर बाळ उपडं. तेलाचा हात मानेपासून कमरेपर्यंत सुरळीत उतरत होता. हात अजून मऊ म्हणावेत असे नाहीत, पण भेगा मिटल्यात. बाळ आधी कुरकुरलं, मग झोपलं.

पलीकडे तात्या लंगोट पिळत होते. त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. सोड्याने आणि गार पाण्याने लाल झालेले, अंगठ्यापाशी उलून फाटलेले. काकूंची ट्यूब खिडकीत होती, ती मी काढून त्यांच्यापुढे धरली.

तात्यांनी हात मागे घेतले. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. ह्यो कोरा प्लॉट हाय. एक कोरा ठेवला नाय, तर फरक कसा कळनार?"

आणि भिंग न काढताच ते काकूंच्या हातांकडे बघत राहिले.