साठ फोटोंची बेरीज

सासूबाईंच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला फोटोग्राफर कशाला, मी आहे ना, असं हिशेबनीस जावयाच्या तोंडून निघालं आणि तिथेच माशी शिंकली.

बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. दिवसभर पाणीखात्यात आकडे जुळवायचे आणि रात्री गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावून तेजोमेघांचे फोटो काढायचे, एवढाच त्याचा संसार. (तेजोमेघ म्हणजे सासूबाईंच्या भाषेत 'जावईबापूंचे डाग'.) सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी जावयाला एकदाही 'छान' म्हटलं नव्हतं. त्या एका 'छान'साठी हा गडी जिवाचं रान करायला तयार होता.

हॉलमध्ये उजेड बेताचा, आणि फ्लॅश वापरणं याच्या तत्त्वात बसत नव्हतं. कमी उजेडात फोटोवर मीठ सांडल्यासारखे ठिपके येतात, त्याला नॉइज म्हणतात, हे त्याने सगळ्यांना सोफ्यावर बसवून समजावलं. मग लेन्सला टोपण लावलं आणि फोटो काढायला सुरुवात केली.

"दाजी, टोपण काढायचं राहिलं," मेहुणा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर.

"मुद्दाम ठेवलंय. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके या काळ्या फोटोंत येतात. ते नंतर खऱ्या फोटोतून वजा करायचे."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. आमच्याकडे हे रोजचंच आहे, असं ती म्हणाली.

मग लेन्सवरची धूळ कुठे कुठे आहे ते कळावं आणि तीही वजा करता यावी म्हणून त्याने लेन्सवर आपला पांढरा बनियन ताणून आणखी काही फोटो काढले. सासूबाईंनी तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी खरे फोटो सुरू झाले, तेही साठ. ठिपके एकाच जागी साचू नयेत म्हणून दर वेळी कॅमेरा केसभर सरकवायचा, बटण दाबायचं आणि धावत जाऊन सोफ्याच्या टोकाला बसायचं. तोवर मेहुण्याला पेशंटचे फोन येऊ लागले, पोरं सोफ्याखाली शिरली, साडू पेंगत पेंगत आडवा झाला आणि बायको पोरांना ओढून वर बसवत राहिली. हलल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. वर्गाला 'हलायचं नाही' सांगण्यात सगळी नोकरी गेलेली बाई ती.

सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. साठ फोटो एकावर एक ठेवायचे, सगळ्यांत सारखं दिसेल ते ठेवायचं, अधूनमधूनच दिसेल ते नॉइज समजून टाकून द्यायचं, असं सांगत हिशेबनिसाने बटण दाबलं.

फोटो उघडला. भिंत नितळ, सोफ्याचा धागा न् धागा मोजून घ्यावा असा. मधोमध सासूबाई. बाकी कोणी नाही. साडूचा एक बूट तेवढा राहिला होता.

"अहो, मी कुठेय?" बायकोने विचारलं.

"तू हललीस," तो पुटपुटला.

इतक्या वर्षांची आशा आता पाण्यात जाणार, हे त्याला कळून चुकलं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि फोटो बराच वेळ न्याहाळला.

"छान," त्या म्हणाल्या. "माझ्या फोटोत नेहमी कोणीतरी लुडबुडतं. हा मोठा करून भिंतीवर लावा."

जावयाला अगदी भरून आलं. बायको रागाने बघत होती, पण त्याला आता कशाचीच फिकीर नव्हती. तेवढ्यात सासूबाईंनी सोफ्याच्या टोकावर बोट ठेवलं.

"जावईबापू, तुम्ही इथे बसत होतात ना?"

"हो."

"ही जागा सगळ्यात स्वच्छ आलीय."