मुळापासून केलेला पाय

जी वस्तू बाजारात तयार मिळते ती घरी, मुळापासून, स्वतःच्या हाताने करणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे. असंस्कृत समाजही ती घरीच करतो, पण नाइलाजाने. हा फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे, आणि त्याच्या जोरावर गेल्या मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीचा दुसरा मजला सुसंस्कृत झाला. बाकीचे मजले अजून वाट पाहत आहेत.

दुसऱ्या मजल्यावर दोनच घरे. एक आमचे, म्हणजे मी (पाटबंधारे खात्यातून निवृत्त) आणि माझी पत्नी शालन. समोर तोळणूरे. सोमशेखर तोळणूरे यांचा कडक भाकरीचा व्यवसाय आहे. त्यांची भाकरी मुंबईपर्यंत जाते आणि न मोडता परतही येऊ शकते. त्यांच्या पत्नी चंद्रिकाताई, वृद्ध आई मल्लव्वा, आणि मुलगी महेश्वरी. महेश्वरी बँकेत आहे, वय लग्नाचे आहे, आणि ही दुसरी गोष्ट तिला सोडून सगळ्यांच्या लक्षात असते.

तर या महेश्वरीने एका रविवारी जाहीर केले, की ती पाय करणार.

पाय हा परदेशी पदार्थ आहे. (उच्चार आपल्या पायासारखाच. त्याला इलाज नाही.) मैद्याचे पातळ कवच करायचे, त्यात फळांचा गर भरायचा, वरून पुन्हा कवच घालायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचे. गर कोणालाही जमतो. खरी परीक्षा कवचाची. मैद्यात थंडगार लोण्याचे तुकडे चुरायचे, बर्फाच्या पाण्याने गोळा बांधायचा आणि लाटायचा. मात्र ओव्हनमध्ये जाईपर्यंत लोणी वितळता कामा नये. तेव्हाच पदर सुटतात. वितळले तर कवच होत नाही, दुसरेच काहीतरी होते.

हा पदार्थ ज्या देशात जन्मला तिथे लोण्याला वितळायचे असेल तर अर्ज करावा लागत असेल. आमच्याकडे मे महिन्यात ते फ्रीजमधून ओट्यावर येईपर्यंत तूप व्हायचा निर्णय घेऊन टाकते. पण महेश्वरी डगमगली नाही. तिने प्रथम स्वतःच्या घरचा फ्रीजर ताब्यात घेतला. तो भरल्यावर आमचा घेतला. मैदा, लोणी, पातेले, लाटणे आणि पोळपाट असा सगळा संसार बर्फात गेला. आमच्याकडे पाहुण्यांना बर्फ हवा असेल तर पोळपाट उचलावा लागे.

लाटण्यासाठी थंड जागा हवी. तोळणूऱ्यांच्या घरात एसी फक्त सोमशेखर यांच्या झोपायच्या खोलीत. त्यामुळे रविवारी दुपारी सोमशेखर यांना उठवून पलंगावर पोळपाट मांडला जाऊ लागला. ते बिचारे उघडेबंब हॉलमध्ये पंख्याखाली बसत आणि दार उघडले की तेवढ्यापुरता गारवा घेत.

"दार लावा, अण्णा!" आतून महेश्वरी ओरडायची. "लोणी पातळ होतंय!"

"आणि मी?" सोमशेखर विचारायचे.

दार आतून लागायचे.

पहिली कवचे फसली. ती वाया मात्र गेली नाहीत, ही आमच्या इमारतीची थोरवी. एक खिडकीचे दार आपटू नये म्हणून लावले गेले. दुसऱ्यावर चंद्रिकाताईंनी तुळशीची कुंडी ठेवली, आणि कुंडीखाली पाणी गळायचे थांबले. (या उपयोगाचा उल्लेख कोणत्याही पाककृतीत नाही.) तिसरे सोमशेखर यांनी हातात घेऊन टेबलावर वाजवून पाहिले. धंद्याचा जाणकार माणूस.

"माल टिकंल," एवढेच ते म्हणाले.

मल्लव्वांनी नातीला कानडीत विचारले, "येनव्वा इदु?" म्हणजे, हे काय ग बाई?

"पाय, आज्जी."

"कशासाठी?"

"असंच. मला करून बघायचाय."

हे उत्तर कुणालाच पटले नाही. बाई माणसाने एखादी गोष्ट असंच करून बघावी याची आपल्याकडे सोय नाही. तेव्हा सर्वांनी आपापली कारणे शोधली. आमच्या इमारतीत मी केलेल्या पाहणीनुसार निम्म्या लोकांना ती बँक सोडून बेकरी काढणार असे वाटले, उरलेल्या निम्म्यांना तिचे परदेशातले स्थळ ठरले असे वाटले, आणि तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना ही दोन्ही मते एकदमच होती. चंद्रिकाताईंना मात्र कारण सापडले ते पक्के. मुलगी इतकी राबतेय, तर हे गुण स्थळाच्या कानावर घालायला हवेत.

स्थळ आयतेच आले होते. मोडनिंबच्या एका नातेवाइकांनी सुचवले होते. मुलगा शिवू, पॉलिटेक्निकला शिकवतो. वडील गुरुसिद्धप्पा, अक्कलकोट भागातले, शेती आणि अडत. आई गंगम्मा. घराणे तोळणूऱ्यांसारखेच लिंगायत, पण जास्त सोवळ्यातले. कांदासुद्धा त्यांच्याकडे परवानगीने शिरतो असे ऐकिवात होते.

गंगम्मांचा फोन आला तेव्हा चंद्रिकाताई आमच्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांचे दोन्ही हात आमच्या फ्रीजरमध्ये होते, म्हणून शालनने स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला. पुढील संभाषण मी स्वतः ऐकलेले आहे.

"मुलीला सैपाक येतो का?" गंगम्मांनी विचारले.

"येतो की! आता तर दर आयतवारी पाय करायलीय."

"काय करायलीय?"

"पाय. मुळापासून. बाहेरचा आणलेला चालत न्हाय तिला. कवच बी घरीच."

"घरात करती?"

"तर! राच्चं फ्रीजरमधी ठिवती आन् सकाळी काढून लाटण्यानं ठोकती. लई मेहनत हाय त्याला."

"आन् तुमच्या सासूबाईंना चालतंय हे?"

"त्यांना चावत न्हाय. दात न्हाईत ना."

शालनने पदर तोंडात कोंबला होता. मी तिच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर मलाही काहीतरी कोंबावे लागले असते.

"बाई," गंगम्मा खोल आवाजात म्हणाल्या, "तुमी लिंगाची पूजा करता न्हवं?"

"म्हंजे काय! पूजा केल्याबिगर आमची पोरगी त्याला हात बी लावत न्हाय."

फोन बंद झाला. चंद्रिकाताई हात पुसत म्हणाल्या, "रेंज गेली वाटतं. पण लई आवडलं त्यांना. बोलताच येईना बघा."

आम्ही नवरा-बायकोने खुलासा करायला हवा होता असे कोणी म्हणेल. शासकीय सेवेत तीस वर्षे काढलेला माणूस, स्वतःकडे न आलेल्या प्रकरणावर शेरा मारत नाही.

आता कोणालाही वाटेल की स्थळ मोडले. आम्हालाही वाटले. पण दुसऱ्याच दिवशी निरोप आला, की येत्या रविवारी मुलगी बघायला येतो. तो गंगम्मांचा नव्हता. खुद्द गुरुसिद्धप्पांनी फोन केला होता, आणि आवाजात उत्साह मावत नव्हता. "जेवण काय करू नका," त्यांनी बजावले. "पोरीच्या हातचं ते... पाय, तेवढंच करा. आमी घरची माणसं."

रविवारी पहाटे, सूर्य कामाला लागायच्या आत, महेश्वरीने पाय केला. आई मदतीला आली तर तिने दार लावून घेतले. त्या खोलीत ती काय करत होती ते कुणी पाहिले नाही. लाटण्याचा हलका आवाज तेवढा ऐकू येत होता. गर केशर आंब्याचा होता.

आता एक नमूद करायला हवे. त्याच सकाळी आमच्या घरीही पाय शिजत होते. हे बकऱ्याचे. बाहेरगावी नोकरीला असलेला आमचा मुलगा सिद्धांत गाडीवरून पडून घरी येऊन बसला होता, आणि हाडाला पाया चांगला म्हणून शालनने पहाटेच मोठे पातेले चढवले होते. काळा मसाला, सुके खोबरे, वरून कोथिंबीर. दहा वाजेपर्यंत तो वास आमच्या दाराखालून निघून जिन्यात उभा राहिला होता.

पाहुणे त्या वासातूनच वर आले. गंगम्मांनी नाकाला पदर लावला आणि डोळे मिटून घेतले. शिवू मोबाइल बघत होता. गुरुसिद्धप्पांचे गुडघे दुखतात. ते एकेक पायरी कठड्याला धरून चढत होते. पण दुसऱ्या मजल्याजवळ त्यांनी कठडा सोडला आणि उरलेला जिना ते तरुणासारखे चढले.

"बरुबर ठिकाणी आलो बघा," ते म्हणाले.

पाहुणे बसले. मला शेजारधर्म म्हणून बोलावले होते. मल्लव्वा कोपऱ्यात, सोमशेखर इस्त्रीच्या शर्टात, चंद्रिकाताई दारात. महेश्वरीने पाय मध्यभागी आणून ठेवला, कापला आणि प्रत्येकाच्या ताटलीत एकेक तुकडा दिला.

गंगम्मांनी पदर थोडा खाली घेतला. वाकून पाहिले. बोटाने गराला शिवून वास घेतला.

"आगं, हे तर आंब्याचं हाय!" त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी आले. "आंबा हाय की ओ हे!"

"व्हय की," चंद्रिकाताई गोंधळून म्हणाल्या. "दुसरं काय असणार?"

गंगम्मांनी महेश्वरीला जवळ ओढले आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. एवढे आंब्यामुळे घडलेले मी प्रथमच पाहत होतो.

गुरुसिद्धप्पा मात्र ताटलीकडे बघत होते. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

"ठीक हाय," ते म्हणाले. "आन्... पाय?"

"हाच पाय," महेश्वरी म्हणाली.

"हाच?"

"हाच की."

त्यांनी मान डोलावली. काही माणसे दुःख फार संयमाने घेतात. थोड्या वेळाने ते म्हणाले, "जरा वाऱ्याला जाऊन येतो," आणि माझा खांदा धरून उठले. बाहेरच्या बोळात वारा नव्हता. आमचे दार होते.

आत येऊन त्यांनी दार स्वतःच लावले. शालनला हात जोडले.

"ताई, डॉक्टरनं सांगितलंय ओ गुडघ्यासाठी. घरात सांगायची सोय न्हाय. मला वाटलं, सूनच असली आली तर..."

शालनने काही न विचारता वाटी भरली. ती संपल्यावर म्हणाली, "दादा, डॉक्टरांनी किती वाट्या सांगितल्यात?"

"आकडा न्हाय बोलला," गुरुसिद्धप्पा म्हणाले, आणि वाटी पुढे केली. सिद्धांत पाय टेबलावर ठेवून हे बघत होता. आपल्या औषधाची पातळी खाली जाताना त्यालाच काळजी वाटली.

इकडे रीतीप्रमाणे मुलामुलीला बोलायला एसीच्या खोलीत पाठवले होते. तिथे जे झाले ते महेश्वरीने नंतर शालनला सांगितले, आणि शालनने मला, म्हणजे मजकूर अधिकृत आहे.

शिवू म्हणाला, "छान होतं."

"काय छान होतं?"

"ते. आंबा. लई गोड होता."

"आणि कवच?"

"कुठलं?"

महेश्वरीने दार किलकिले करून त्याची ताटली दाखवली. आतला गर चमच्याने स्वच्छ खरवडून खाल्लेला होता. कवच होते तसे बाजूला काढून ठेवले होते, केळ्याचे साल ठेवतात तसे.

"ते खायचं असतं?" त्याने विचारले. प्रामाणिकपणेच विचारले. मुलगा वाईट नाही.

पाहुणे गेल्यावर महेश्वरीने आईला सांगितले, "मला हे स्थळ नको."

चंद्रिकाताई रडल्या. सोमशेखर यांनी कारण विचारले. ती म्हणाली, "त्याने कवच ठेवलं." यावर तोळणूऱ्यांच्या घरी आठवडाभर चर्चा चालली, कारण या वाक्यात नकाराचे कारण कुठे आहे ते कुणालाच सापडेना. गंगम्मा रोज फोन करतात. त्यांना मुलगी फार आवडली आहे. गुरुसिद्धप्पाही फोन करतात, पण आम्हाला. त्यांच्या गुडघ्यांना उतार आहे.

महेश्वरी दर रविवारी पाय करते. अजून तिला सगळे विचारतात, कशासाठी? ती अजून सांगते, असंच.

त्या रविवारी ताटलीत उरलेली कवचे तिने आमच्याकडे आणून दिली. शालन, सिद्धांत आणि मी, तिघांनी खाल्ली. ती कशी झाली होती, पदर सुटले होते की नाही, त्या उन्हाळ्यात त्या मुलीला अखेर जमले की नाही, हे मी लगेच सांगितले असते. पण वाचकहो, आपण स्थळ आल्यापासून शेवटच्या फोनपर्यंत लग्न जमते का तेवढेच बघत आलात. आतला आंबा खाऊन झाला असेल, तर ताटली इकडे द्या.