कॉम्प्युटरमधले आत्मचरित्र

बोरिवलीच्या अनंतराव गुप्त्यांनी आपले आत्मचरित्र सत्त्याण्णव सालीच लिहून ठेवले आहे, अशी सोसायटीत सगळ्यांची समजूत होती. छापत का नाही, असे कोणी विचारले की ते बेडरूमच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत. "सगळं त्याच्यात आहे. पण तो सुरूच होत नाही, काय करणार?"

खरे म्हणजे त्यांनी दीडच पान लिहिले होते. पानभरात जन्म उरकला, अर्ध्यात मुंज, आणि पुढे काही सुचेना. त्यांनी तो पुन्हा उघडलाच नाही. दोन-तीन वर्षांनी कॉम्प्युटरच बंद पडला आणि अनंतराव सुटले. त्यानंतर पुस्तक भराभर वाढले. आधी ते शंभर पानांचे होते, निवृत्तीच्या समारंभात दीडशेचे झाले, आणि गेल्या गणपतीत प्रसाद घेता घेता अनंतरावांनी दोनशेचा आकडा सांगून टाकला.

तो त्यांच्या मुलीने, गंधालीने, मनावर घेतला. बाबांच्या पंचाहत्तरीला पुस्तकाचे प्रकाशन करायचे, असे तिने परस्पर ठरवले, सोसायटीचा हॉल घेतला, छापखान्याशी बोलली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रणेही पाठवली. वरच्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशांनी जिन्यात अभिनंदन केले तेव्हा अनंतरावांना हे समजले. समारंभाला पंधरा दिवस उरले होते. रविवारी सकाळी गंधाली केयूरला घेऊन आली. केयूर तिच्या ऑफिसातला, राहायला जोगेश्वरीला, आणि जुने कॉम्प्युटर जिवंत करण्याचा त्याला भारी नाद.

"काका, काय झकास पीस आहे," तो म्हणाला. "हे जुने मरत नाहीत सहजासहजी."

आजाऱ्याच्या उशाशी बसावे तसे अनंतराव खुर्ची ओढून बसले; प्रार्थना तेवढी उलटी चालली होती. केयूरने बटण दाबले, काही झाले नाही. वायर बदलली, काही झाले नाही. तो हात धुवायला गेला तेव्हा अनंतरावांनी भिंतीवरचा स्विच हळूच बंद करून टाकला. ते केयूरच्या लक्षात येईपर्यंत दहा मिनिटे गेली. नंतर केयूरने पेटी उघडली आणि बरोबर आणलेला पॉवर सप्लाय बसवायला घेतला, तेव्हा भडका उडेल, शॉक बसेल, आतले सगळे जळून जाईल, अशी भीती अनंतरावांनी घालून पाहिली. मग त्यांनी शेवटचा उपाय काढला. पुस्तक आपल्याला तोंडपाठ आहे, नव्याने सांगतो, तू लिहून घे, असे ते गंधालीला म्हणाले.

"दोनशे पानं? पंधरा दिवसांत?" गंधाली म्हणाली. "बाबा, तुम्ही गप्प बसा बघू."

नव्या पॉवर सप्लायनेही काही झाले नाही. केयूरने कपाळावरचा घाम पुसला. सगळे भाग ठीक आहेत आणि तरी हा उठत नाही म्हणजे वाट लागली, असे त्याने कबूल केले. अनंतरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि गंधालीला वडापाव मागवायला सांगितले.

तेवढ्यात अनंतरावांच्या पत्नी, क्षमाताई, हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. सकाळपासून त्या यात पडल्या नव्हत्या. चष्मा लावून त्या कॉम्प्युटरपुढे वाकल्या.

"हे बटण आत जाऊन बसतंय का रे नीट?" त्यांनी केयूरला विचारले. "दर दसऱ्याला मी याची पूजा करते. कुंकू लावायचं तर कपाळ कुठलं याचं? म्हणून बटणालाच लावत आले."

केयूरने बटण नीट पाहिले. क्षमाताईंनी जुना टूथब्रश आणून दिला. बटणाच्या खाचेतून पंचवीसेक दसऱ्यांचे वाळलेले कुंकू निघाले, पाठोपाठ दोन अक्षता पडल्या. केयूरने पुन्हा दाबले. खट्ट झाले, पंखा घुरघुरला आणि पडदा उजळला.

अनंतरावांना एकाएकी भाजी आणायची आठवण झाली, पण गंधालीने त्यांचा हात धरून ठेवला होता. फाइल एकच होती. केयूरने ती उघडली आणि खाली पानांचा आकडा आला.

"बाबा, दोनशे बारा," गंधाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

अनंतरावांनी आकडा तीनदा वाचला. क्षणभर तर आपणच हे लिहिले असावे असे त्यांना मनापासून वाटले. तोवर गंधाली दुसऱ्या पानावर पोचली होती आणि मोठ्याने वाचू लागली होती.

"'यापुढचे यांना सुचले नाही, म्हणून मी लिहिते. हे स्वतःबद्दल जे सांगतात, त्यातले अर्धे सोडून द्यावे. उरलेले मी दुरुस्त करून घेतले आहे.'"

अनंतराव बायकोकडे बघत राहिले. ती घरात दुपारी एकटीच असायची आणि टायपिंग तिला येत होते, हे त्यांना माहीत होते. कधी विचारात घेतले नव्हते एवढेच. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" त्यांनी हळूच विचारले.

"तुम्ही सांगतच होतात ना सगळ्यांना, पुस्तक तयार आहे म्हणून. मी मध्ये कशाला बोलू?"

गंधाली हसता हसता दहाव्या पानावर गेली होती. तिने तिथूनच छापखान्याला फोन लावला आणि लेखकाचे नाव बदलायला सांगितले. मुखपृष्ठासाठी दिलेल्या बाबांच्या फोटोचे काय करायचे, असे तिने फोनवर हात ठेवून विचारले.

"तो राहू दे," क्षमाताई म्हणाल्या. "वाचताना लोकांना बघायला बरा."